गाडी ‘सोडायची’ की ‘लावायची’? वाहनतळावरच्या सावलीचा छोटा इतिहास



पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांशी बोललो की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: “विषयच सुचत नाही.” म्हणून आज मुद्दाम असा विषय घेतोय, जो कुणाला विषयच वाटत नाही. गाड्या उभ्या करायची जागा आणि तिथली झाडं. गाव घेऊ बेलापूर. नवी मुंबईतलं नाही, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं.

सुरुवात शब्दापासून

बैलगाडी मुक्कामाला आली की आपण ती ‘सोडतो’. मोटार आली की ती ‘लावतो’. फरक छोटा वाटतो, पण माझ्या मते सगळा इतिहास त्यातच आहे. गाडी सोडायची म्हणजे बैल सोडायचे, त्यांना पाणी दाखवायचं, वैरण टाकायची आणि सावलीला बांधायचं. त्यामुळे गाडीतळाची जागा झाडच ठरवायचं. आधी चिंच किंवा वड, मग त्याखाली गाड्या. मोटारीला तहान लागत नाही, ऊनही लागत नाही. तिला हवी फक्त सपाट जागा. बैल गेला आणि सावली मागणाराच गेला.

ही जाण फार जुनी आहे. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात रस्त्याकडेला वड लावल्याचा उल्लेख आहे, आणि सावली कुणासाठी तर पशू आणि माणसं दोघांसाठी.

बेलापुरात हे कसं दिसतं?

दौंड–मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली. ‘बेलापूर’ नावाचं स्टेशन मात्र बेलापूर गावात नाही. ते काही किलोमीटरवर, आजच्या श्रीरामपुरात आहे. म्हणजे गावातला माल स्टेशनपर्यंत न्यायचा तर बैलगाडी आलीच. पुढे १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला, जवळच हरेगावला साखर कारखानाही होता. उसाबरोबर गाड्यांच्या रांगा आल्या, आणि गाड्या ताटकळत उभ्या राहतील अशा जागाही.

१८८४चं अहमदनगर जिल्ह्याचं गॅझेटिअर उघडून बघा. शेतीच्या प्रकरणात गाड्या आणि बैल यांची मोजदाद शेजारी-शेजारी आहे. गाडी मोजायची तर तिला ओढणारा जीवही मोजायचा. आता राज्याची २०२०ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली घ्या, जी मुंबईसारखे काही भाग सोडून लागू आहे. तिथे मोटारीची जागा २.५ मीटर बाय ५ मीटर अशी ठरवून दिलेली आहे. वाहनतळ एका प्रकरणात, मोकळ्या जागेचा हिशेब दुसऱ्या प्रकरणात. एकेकाळी गाडी आणि झाड ही एकच जागा होती, कागदावर त्यांच्या दोन जागा झाल्या.

आडोसा वेगळा, सावली वेगळी

इथे जरा अमेरिकेत जाऊन येऊ, कारण वाहनतळावर झाडं लावायची सक्ती तिथल्या शहरांनी बरीच आधी केली. पण कशासाठी? बऱ्याच नियमांचा पहिला हेतू आडोसा हा होता. रस्त्यावरून जाणाऱ्याला पत्र्यांचा समुद्र दिसू नये म्हणून कडेने झुडपांची रांग. १९५४च्या ‘बर्मन विरुद्ध पार्कर’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शहर सुंदर ठेवणं हेही लोकहिताचं काम मानलं, आणि अशा नियमांना बळ मिळालं.

सावलीचा विचार नंतर आला. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहराने १९८३ साली नियम केला की वाहनतळ बांधल्यापासून १५ वर्षांत फरसबंद जागेपैकी ५० टक्के भाग सावलीत यायला हवा. जवळच्या डेव्हिसमध्ये झालेल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सावलीतल्या गाडीची आतली हवा उन्हातल्या गाडीपेक्षा सुमारे २६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड भरली. इंधनाची टाकी कमी तापते, त्यामुळे वाफ होऊन हवेत जाणारं इंधनही कमी.

मग नियम यशस्वी झाला? मॅकफर्सन या संशोधकाने २००१ साली १५ वाहनतळांची पाहणी प्रसिद्ध केली. सावली होती १४ टक्के, आणि त्यातलाही मोठा वाटा छप्पर घातलेल्या जागांचा. ते वाहनतळ १५ वर्षांचे झाले तरी सावली २७ टक्क्यांच्या आसपासच जाईल असा त्यांचा अंदाज होता.

इथे थांबा आणि वहीत लिहून घ्या: नियम हा झाड असल्याचा पुरावा नाही. नियम फक्त एवढंच सांगतो की कुणाला तरी झाड हवं होतं. इतिहासाचं साधन वाचताना ही चूक भले भले करतात.

गणित आपल्याकडचं

समजा १०० मोटारींचा तळ आहे. मधले रस्ते धरून एका गाडीला साधारण २५ चौ. मी. लागतात, म्हणजे एकूण २५०० चौ. मी. त्यातली निम्मी, १२५० चौ. मी. सावलीत आणायची. १० मीटर व्यासाचा पसारा असलेल्या कडुनिंबाची सावली भर दुपारी साधारण ७८ चौ. मी. पडते. म्हणजे फक्त १६ झाडं! पण ती वाढली तर. डांबराच्या मधोमध हातभर खड्डा ठेवला, आजूबाजूची माती रोलरने दाबली, तर मुळांना ना पाणी ना हवा. मग तो कडुनिंब दहा मीटर कुठून पसरणार?

पण सावली मागणारा खरंच गेलाय का?

मघाशी मी म्हणालो, बैल गेला. ते अर्धंच खरं आहे. गळीत हंगामात कारखान्याच्या यार्डात आजही उसाच्या बैलगाड्या नंबर लागायची वाट बघत असतात. बैल, ऊसतोड मजूर, त्यांची लेकरं. स्टँडबाहेर रिक्षावाला असतो, चहाची टपरी असते. म्हणजे मागणारे आहेत, फक्त हिशेब गाड्यांचा होतो आणि त्यात ते धरले जात नाहीत. माझ्या मते संशोधनाचा खरा प्रश्न हा आहे: वाहनतळ आखताना आपण कुणाला मोजलं आणि कुणाला सोडून दिलं?

तुमच्यासाठी काम

आपल्या गावातली एक जुनी गाडी सोडायची जागा निवडा. तीन गोष्टी गोळा करा. एक, कागद: गॅझेटिअर, ग्रामपंचायतीचे ठराव, जुने नकाशे. दोन, माणसं: सत्तरीतल्या दोन-तीन आजोबा-आजींना विचारा, “गाडी कुठं सोडायचा?” ‘पार्किंग कुठं होतं’ असं विचारू नका, उत्तरच बदलेल. तीन, जमीन: दुपारी बारा, दोन आणि चारला सावली टेपने मोजा, आणि त्या सावलीत कोण बसलंय ते लिहा.

तिन्हींची उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू नका. ती जिथे जुळत नाहीत, तिथेच तुमचा विषय आहे.