कॅन्सरनंतरचे मानसिक आरोग्य: समलैंगिक व उभयलैंगिक रुग्णांसाठी

कॅन्सरचे उपचार संपल्यावरही उदासी, निद्रानाश आणि आजार उलटण्याची भीती अनेकांना सतावते. अमेरिकेतील सर्वेक्षणांत समलैंगिक व उभयलैंगिक रुग्णांमध्ये हा त्रास अधिक आढळला आहे. याला लैंगिक कल कारणीभूत नसतो. तो लपवावा लागणे, भेदभाव आणि घरच्यांचा दुरावा यांमुळे ताण वाढतो. रुग्णालयात जोडीदाराची ओळख ‘मित्र’ किंवा ‘मैत्रीण’ अशी करून द्यावी लागते. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लैंगिक संबंधांबद्दलचे प्रश्न संकोचामुळे विचारलेच जात नाहीत.

काय करावे?

• विश्वासातल्या डॉक्टरांना जोडीदाराबद्दल सांगा. ही माहिती गुप्त ठेवणे त्यांचे कर्तव्य आहे.
• दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करता येत नाही.
• आत्महत्येचे विचार आल्यास थांबू नका. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत मदत मिळते.

कुटुंबीयांनी पुढच्या तपासणीला जोडीदारालाही सोबत येऊ द्यावे. आधाराचे माणूस जवळ असणे हा बरे होण्याचाच भाग आहे.