अज्ञानाची जमीन आणि सरकारी निवाडा

सातबाऱ्यावर एखाद्या खातेदाराच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असे लिहिलेले आढळते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. खातेदार लहान आहे आणि त्याच्या वतीने आई बोलणार, एवढाच त्याचा अर्थ. अशा हिंदू मुलाच्या स्वतःच्या मालकीची जमीन आईला विकायची असेल, तर १९५६च्या कायद्याप्रमाणे आधी न्यायालयाची परवानगी लागते. तीच जमीन कालव्यासाठी किंवा रस्त्यासाठी सरकारने संपादन केली, तर ती जाते की राहते हे कोणाच्याच परवानगीवर अवलंबून नसते. मग पालकाच्या हाती उरते काय? मोबदला मागणे, आणि तो कमी वाटला तर वेळेत हरकत घेणे. नेमक्या याच दोन कामांत मुलाचा पाठीराखा कोण, याची पुरेशी काळजी आपल्या भूसंपादन कायद्याने कधी घेतली नाही, असे माझे म्हणणे आहे.

पैशाची काळजी मात्र कायद्याने कसून घेतली होती. १८९४च्या कायद्यात अज्ञानाचा पालक आणि मनोविकलाचा व्यवस्थापक यांना मालकाच्या वतीने वागण्याचा अधिकार होता. पण स्वखुशीच्या विक्रीत ज्याला किंमत घेऊन पक्की पावती देता आली नसती, त्याच्या हाती मोबदला द्यायचा नाही, अशी अटही होती. अशी रक्कम न्यायालयात जमा व्हायची. तिच्यातून दुसरी जमीन घ्यावी, नाहीतर ती सरकारी रोख्यांत गुंतवावी आणि व्याज हक्कदाराला द्यावे, असे कलम ३२ सांगत होते. ही रीत विलायतेतून आली. रेल्वेच्या धामधुमीत तिथे झालेल्या १८४५च्या कायद्यात अशा मालकांची २०० पौंड किंवा त्याहून मोठी रक्कम बँक ऑफ इंग्लंडमध्ये ठेवावी लागे. पण त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती: अशा मालकाच्या जमिनीची किंमत दोन जाणकार मोजणीदारांनी, प्रत्येक बाजूच्या एकेकाने, ठरवलेल्या आकड्याहून कमी असता कामा नये. भारतीय कायद्याने रक्कम जमा करण्याची रीत उचलली, मोजणीदार तिकडेच राहिले.

यावर कोणी म्हणेल, इकडे त्यांची गरजच नव्हती. विलायतेत कंपनी मालकाशी सौदा करी, इथे कलेक्टर चौकशी करून निवाडा देई. ऐकायला हे पटते. पण १९०५मध्ये एझ्रा खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केले की कलेक्टरची ही कारवाई न्यायालयीन नाही; निवाडा म्हणजे सरकारने देऊ केलेली किंमत. म्हणजे खरेदीदाराच्याच माणसाने भाव ठरवायचा, आणि तो पटला नाही तर दाद मागायची ती पालकाने. नोटिशीला उत्तर देऊन पालकाने रकमेची मागणीच नोंदवली नाही, आणि त्याला सबळ कारण नसले, तर न्यायालयालाही निवाड्याहून एक रुपया जास्त देता येत नसे. हे कलम १९८४पर्यंत टिकले.

मुदतीचे तर विचारूच नका. दिवाणी दाव्यात अज्ञानाची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजतात. वाढीव मोबदल्याचा अर्ज मात्र कलेक्टरकडे जातो आणि तो दावा नसतो. त्यामुळे निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला सहा आठवडे, इतरांना फार तर सहा महिने, हीच मुदत मुलालाही लागू. पालकच जमिनीचा हिस्सेदार असेल आणि त्याचे हित मुलाच्या विरुद्ध असेल, तर त्याला बाजूला सारून दुसरा पालक नेमता येई हे खरे. पण ते विरुद्ध हित आधी कोणीतरी कलेक्टरला दाखवून द्यायला हवे. आठ वर्षांचा खातेदार ते कसे दाखवणार?

मुले मोठी होईपर्यंत धरणे थांबवायची का, असा सवाल यावर येतो. तसे कोणी म्हणत नाही. ताबा सरकारने घ्यावा, काम व्हावे. फक्त भावाची तक्रार करण्याचा मुलाचा हक्क तोवर जिवंत ठेवावा. १९८४च्या दुरुस्तीने शेजाऱ्याला न्यायालयात मिळालेल्या वाढीच्या आधारे इतरांनाही फेरनिर्धारण मागू दिले, पण मुदत तीन महिन्यांचीच. २०१३च्या कायद्याने पैसे जमा करण्याची जुनी रीत कलम ७७ आणि ७८मध्ये कायम ठेवली. सबळ कारण असेल तर अर्जाला आणखी एक वर्षापर्यंत उशीर माफ करण्याची मुभाही दिली. निवाड्याच्या दिवशी मूल दहा वर्षांचे असेल, तर ते सज्ञान होण्याच्या कितीतरी आधी ते वर्षही सरलेले असते.