ट्रेलरने ब्रेक दाबला आणि मागचे दिवेच विझले! नेमका बिघाड कुठे असतो?

रात्री ऑफिस सुटल्यावर हिंजवडीतून वाकडला येऊन तुम्ही मुंबई-बेंगळुरू हायवेला लागता. पुढे चाळीस फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर असतो. चालक ब्रेक दाबतो, पण लाल दिवे उजळायचे सोडून विझतात. किंवा इंडिकेटर लावला की ब्रेक लाइटही त्याच्याबरोबर मिणमिणतो. तुम्ही दुचाकीवर असाल, तर ट्रेलर थांबतोय की चालतोय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आपल्याला वाटतं, बल्ब गेला असेल. पण अशी लक्षणं दिसली तर पहिला संशय घ्यायचा तो अर्थिंगवर.

ट्रेलरच्या दिव्यांना वीज कुठून मिळते?

इंजिन आणि केबिन असलेली पुढची गाडी वेगळी आणि मागचा ट्रेलर वेगळा. अवजड ट्रकची यंत्रणा साधारणपणे 24 व्होल्टची असते. दोन्हींमध्ये स्प्रिंगसारखी गुंडाळलेली केबल असते आणि नेहमीच्या प्लगमध्ये 7 पिना असतात.

- 1, पांढरी : अर्थ
- 2, काळी : डावा टेल लाइट
- 3, पिवळी : डावा इंडिकेटर
- 4, लाल : ब्रेक लाइट
- 5, हिरवी : उजवा इंडिकेटर
- 6, तपकिरी : उजवा टेल लाइट
- 7, निळी : जादा कामासाठी

जुन्या दुरुस्तीत वायरचे रंग बदललेले असू शकतात. त्यामुळे रंगापेक्षा पिनेच्या नंबरवर विश्वास ठेवा.

अर्थ तुटली की दिवे वेड्यासारखे का वागतात?

बल्बमधून गेलेला करंट बॅटरीकडे परत यावा लागतो. सगळ्या दिव्यांचा परतीचा रस्ता एकच, तो म्हणजे पांढरी वायर. ती गंजली किंवा तुटली की करंट दुसऱ्या बल्बमधून उलटी वाट शोधतो. म्हणून नको तो दिवा मंद पेटतो. टेल लाइट चालू असताना ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी सारखाच दाब येतो, करंट वाहत नाही आणि दिवे विझतात.

ट्रेलर पुढच्या गाडीला लोखंडानेच जोडलेला असतो, मग वेगळी अर्थ कशाला? कारण त्या जोडावर ग्रीस असतं आणि तो सतत हलतो. त्याच्या भरवशावर दिवे चालत नाहीत.

बिघाड कसा शोधायचा?

गाडी रस्त्याबाहेर सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना उटी लावा. मग याच क्रमाने जा.

1. काय बंद आहे ते पाहा. एकच दिवा बंद असेल तर बल्ब, होल्डर किंवा त्याची वायर तपासा. एका बाजूचा टेल लाइट बंद असेल तर त्या बाजूचा फ्यूज आणि पिन. सगळेच दिवे मंद किंवा विचित्र असतील तर अर्थ.
2. केबल काढून पुढच्या गाडीचा सॉकेट तपासा. टेस्ट लॅम्पची क्लिप 1 नंबरला लावा आणि एकेक स्विच चालू करून बाकीच्या पिना बघा. सगळीकडे लॅम्प नीट पेटला तर बिघाड केबलमध्ये किंवा ट्रेलरमध्ये आहे.
3. केबल परत जोडून अर्थ तपासा. ट्रेलरच्या चासीपासून पुढच्या गाडीच्या चासीपर्यंत एक जाड वायर तात्पुरती जोडा. दिवे लगेच सुधारले तर अर्थच खराब आहे.
4. केबल हलवून बघा. दिवा लागतो-विझतो असं झालं तर वायर आतून तुटली आहे. प्लगमध्ये हिरवट गंज असेल तर साफ करा. पावसाळ्यात हा त्रास जास्त.

ही चूक करू नका

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा वायरचा तुकडा टाकू नका. कुठेतरी वायर चासीला घासून शॉर्ट झालेली असते. फ्यूज उडाला नाही तर वायर तापते आणि आग लागू शकते. ट्रेलरची केबल काढल्यावर फ्यूज टिकला, तर शॉर्ट केबलमध्ये किंवा ट्रेलरमध्ये आहे.

आणि मागून येणाऱ्यांनी?

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार अंधारात वाहनाला मागे लाल दिवा लागलेला असणं बंधनकारक आहे. तरीही बिनदिव्याचा ट्रेलर दिसला तर अंतर वाढवा आणि त्याच्या अगदी मागे राहू नका. राष्ट्रीय महामार्गावर असा ट्रेलर अंधारात बंद पडलेला दिसला, तर सुरक्षित जागी थांबून 1033 किंवा 112 वर कळवा.