डी अँड डीमध्ये पहिल्यांदाच विझार्ड घेताय? आधी ८ हिट पॉइंट्स आणि ३ मंत्रांचा हिशोब समजून घ्या!

'स्ट्रेंजर थिंग्ज'चा चौथा सीझन पाहिलेल्यांना वेक्ना कोण हे वेगळं सांगायला नको. पण हा वेक्ना मुळात त्या सिरीजचा नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजेच डी अँड डी या खेळातला तो एक जुना, महाभयंकर जादूगार. सिरीजमधली पोरं हा खेळ खेळतात आणि राक्षसाला नाव तिथूनच देतात. आता वेक्ना हे नाव तरी कुठून आलं? जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाच्या आडनावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करा, वेक्ना तयार!

व्हान्सला हा मान मिळण्यामागे कारण आहे. १९५० साली आलेल्या त्याच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातले जादूगार मंत्र पाठ करतात, डोक्यात मोजकेच मंत्र मावतात आणि वापरलेला मंत्र डोक्यातून पुसला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये डी अँड डी आणला, तेव्हा जादूची कल्पना इथूनच उचलली. त्या काळी पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसभरात किती मंत्र टाकता यायचे माहितीये? एक. तो टाकला की बाकीचा दिवस मित्रांच्या मागे लपून काढायचा.

आज परिस्थिती बरीच सुधारली आहे. तरी पहिल्यांदा खेळणारे लोक हौसेनं विझार्ड घेतात, पहिल्याच मारामारीत सगळे मंत्र उधळतात आणि मग दोन तास नुसते फासे हातात खेळवत बसतात. पात्र तयार करतानाच थोडं डोकं लावलं तर ही वेळ येत नाही.

विझार्ड म्हणजे नक्की कोण?

खेळ ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर होतो, तो गोष्ट सांगतो आणि सगळे राक्षस चालवतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. काही करायचं असेल तर २० बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपले गुण मिळवायचे आणि ते जमलं की फसलं ते बघायचं.

जादू करणारी पात्रं यात बरीच आहेत. सॉर्सररच्या अंगात जादू जन्मजात असते, वॉरलॉक कुठल्यातरी अमानवी शक्तीशी करार करून ती मिळवतो, क्लेरिकला ती देवाकडून मिळते. विझार्डला मात्र मराठीत नीट शब्द सापडत नाही. जादूगार म्हटलं की जादूगार रघुवीरांचे प्रयोग आठवतात, मांत्रिक म्हटलं की लिंबू, हळद-कुंकू आणि अमावास्या. विझार्ड या दोघांतला कुणीच नाही. तो चक्क अभ्यास करून जादूगार झालेला आहे! त्याच्याकडे मंत्रांची वही असते आणि रोजचे मंत्र तो त्या वहीतून तयार करतो. म्हणूनच त्याचा मुख्य गुण बुद्धिमत्ता.

आकडे कुठे टाकायचे?

प्रत्येक पात्राचे सहा गुण असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धिमत्ता, शहाणपण आणि प्रभाव. नवख्यांसाठी सोपा मार्ग म्हणजे ठरलेले सहा आकडे वाटून टाकणं: १५, १४, १३, १२, १० आणि ८. विझार्डसाठी १५ बुद्धिमत्तेला, १४ चपळाईला आणि १३ काटकपणाला द्यायचे. ८ बिनधास्त ताकदीवर टाका, पेट्या उचलायला बार्बेरियन आहे.

सध्या टेबलांवर नियमांच्या दोन आवृत्त्या दिसतात, २०१४ची आणि २०२४ची. वरच्या आकड्यांत थोडी भर पडते, ती जुन्या पुस्तकात वंशामुळे आणि नव्यात पूर्वायुष्यामुळे. जुन्यात साधा माणूस घेतला तर सगळ्या गुणांना एक-एक मिळतो. नव्यात सेज हे पूर्वायुष्य घेऊन बुद्धिमत्तेला २ आणि काटकपणाला १ देता येतो. गंमत म्हणजे दोन्हीकडून गेलं तरी हाती येतं ते जवळपास तेच: बुद्धिमत्तेचे +३, चपळाईचे +२ आणि काटकपणाचे +२.

यातून दोन आकडे निघतात आणि ते जरा काळजीचेच आहेत. पहिला हिट पॉइंट्सचा, म्हणजे जीव किती त्याचा. विझार्डला ६ अधिक काटकपणाचे २, असे एकूण ८ मिळतात. तेवढाच काटक बार्बेरियन १४ वर असतो. दुसरा आकडा आर्मर क्लासचा. शत्रूच्या फाशाची बेरीज तिथपर्यंत पोचली की वार लागतो. विझार्डला चिलखत घालायचं प्रशिक्षण नसतं, म्हणून त्याचा आर्मर क्लास १० अधिक २, फक्त १२.

आता जुन्या पुस्तकातला ऑर्क घ्या. त्याच्या कुऱ्हाडीचा एक वार म्हणजे १२ बाजूंचा एक फासा अधिक ३. त्याच्या फाशावर नेमके २० पडले तर नुकसानीचे फासे दुप्पट होतात आणि सरासरी नुकसान १६ वर जातं. नियम असा आहे की जीव शून्यावर आल्यानंतर उरलेलं नुकसानच तुमच्या पूर्ण हिट पॉइंट्सइतकं असेल, तर पात्र जागच्या जागी संपतं. एरवी शून्यावर गेलेल्याला जगायची संधी असते. दर फेरीला फासा टाकायचा, १० किंवा जास्त पडलं तर जमलं, तिनदा जमलं की धोका टळला, तिनदा फसलं की खेळ खलास. पण ८ हिट पॉइंट्सच्या विझार्डवर एकाच वारात १६ चं नुकसान झालं, तर फासा टाकायलाही मिळत नाही. बार्बेरियनला असं मारायला एका वारात २८ लागतील.

वहीत कोणते सहा मंत्र?

पहिल्या लेव्हलला विझार्डला ३ कॅन्ट्रिप मिळतात. हे छोटे मंत्र, कितीही वेळा टाका, संपत नाहीत. एक मारायचा हवाच. फायर बोल्ट १२० फुटांवरून आग फेकतो आणि १० बाजूंच्या फाशाइतकं नुकसान करतो. मेज हँड दुरून वस्तू उचलतो, लाइट उजेड पाडतो. अंधारात न दिसणारं पात्र घेतलं असेल तर लाइट सोडू नका, डंजनमध्ये ट्यूबलाइट नसतात.

खरी निवड वहीतल्या ६ मंत्रांची. नवे खेळाडू सहाच्या सहा मंत्र आगीचे-विजेचे घेतात आणि चूक इथेच होते. या आठ हिट पॉइंट्सच्या माणसाला आधी जिवंत ठेवायचंय.

म्हणून पहिला मंत्र मेज आर्मर. सकाळी टाकला की ८ तास आर्मर क्लास १२ वरून १५ होतो. दुसरा शील्ड. हा तुमची पाळी नसतानाही, वार लागल्याचं कळल्यावर टाकता येतो आणि तुमच्या पुढच्या पाळीपर्यंत आर्मर क्लासमध्ये तब्बल ५ ची भर घालतो. जुन्या पुस्तकातला गॉब्लिन वार करताना फाशात ४ मिळवतो. आर्मर क्लास १२ असेल तर त्याचे २० पैकी १३ आकडे लागतात, १५ असेल तर १० आणि शील्डसकट २० झाला तर फक्त ५. इतका फरक पडतो!

तिसरा स्लीप, पण इथे आवृत्ती विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. २०१४च्या नियमांत ८ बाजूंचे पाच फासे टाकायचे आणि येईल तेवढ्या हिट पॉइंट्सचे प्राणी झोपतात, सर्वांत अशक्त आधी. सुटकेचा फासाही नाही. सरासरी २२-२३ येते आणि त्या पुस्तकातल्या गॉब्लिनला ७ हिट पॉइंट्स असतात, म्हणजे एका मंत्रात तीन गॉब्लिन घोरायला लागले. फक्त त्या वर्तुळात आपला जखमी मित्र उभा नाही ना, हे बघा. तोच आधी झोपेल! २०२४मध्ये मात्र या मंत्राचे पंख बरेच कापलेत. वर्तुळ लहान झालं, शत्रूला बचावाचा फासा मिळाला आणि मंत्र टिकवायला एकाग्रता लागते. म्हणजे विझार्डला मार बसला की काटकपणाचा फासा टाकून मंत्र सांभाळावा लागतो. नव्या नियमांतही तो घ्यायला हरकत नाही, पण जुन्याइतका हुकमी राहिलेला नाही.

चौथा मॅजिक मिसाइल. तीन बाण, कधीच चुकत नाहीत, एकूण नुकसान ६ ते १५. पळून जाणाऱ्या, शेवटचे चार पॉइंट उरलेल्या शत्रूसाठी हा ठेवायचा.

उरलेले दोन म्हणजे डिटेक्ट मॅजिक आणि फाइंड फॅमिलियर. हे वेळ काढून विधी म्हणून करता येतात आणि विझार्डला वही उघडून असा विधी करायला मंत्र तयारही ठेवावा लागत नाही. एका दिवसाला ४ मंत्र तयार ठेवता येतात, त्यामुळे हिशोब चोख बसतो: वरचे चार डोक्यात, हे दोन वहीत. फाइंड फॅमिलियरसाठी पितळी भांड्यात कोळसा, धूप आणि वनस्पती जाळायच्या, खर्च १० सुवर्णमुद्रा. विधीला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो आणि एक छोटा प्राणी सोबतीला येतो. घुबड घ्या. ते स्वतः हल्ला करू शकत नाही, पण शत्रूला बिचकवून उडून जातं, त्यामुळे तुमच्या मित्राला दोन फासे टाकून त्यातला चांगला घेता येतो. पुढचा भुयारी रस्ताही तेच आधी बघून येतं. स्लॉट एकही खर्च होत नाही.

मग हे स्लॉट किती?

दोन. हो, चार मंत्र तयार असले तरी ते टाकायला लागणारे स्लॉट पहिल्या लेव्हलला दिवसाला दोनच. शिवाय दिवसातून एकदा, तासभर विश्रांती घेतल्यावर विझार्डला एक स्लॉट परत मिळवता येतो. झाले तीन. त्यानंतर रात्रीच्या पूर्ण विश्रांतीपर्यंत फक्त कॅन्ट्रिप.

सकाळी मेज आर्मर टाकला की हातात एक उरतो. पहिल्या मारामारीत तीन-चार गॉब्लिन एकत्र आले तर स्लीप, नाहीतर फायर बोल्टवर भागवा. त्यानंतर सगळ्यांना तासभर थांबायला सांगा, लाजू नका! फायटरचाही त्या विश्रांतीत फायदाच असतो. तिथे परत मिळालेला स्लॉट शील्डसाठी राखून ठेवलेला बरा. ऑर्कसमोर उभं राहायची वेळ आली, तर तोच एक वार अडवतो. मात्र शील्डवर विसंबून पुढे घुसू नका, २० पडलेला वार कितीही आर्मर क्लास असला तरी लागतोच. म्हणून विझार्डची जागा मागे, शक्यतो एखाद्या खांबाआड.

'बाल्डर्स गेट ३' खेळून आलेल्यांना हे जास्त जड जातं. तिथे गेल मेला तर जुना सेव्ह उघडायचा आणि पुन्हा सुरू. टेबलावर सेव्ह नसतो. शिवाय कधी झोपायचं हे तुम्ही एकट्यानं ठरवत नाही, डंजन मास्टर तुमच्या तंबूवर रात्री लांडगेही सोडू शकतो.

पुस्तकं महाग वाटत असतील तर एवढं सगळं करायला ती विकत घ्यायची गरज नाही. प्राथमिक नियम डी अँड डी बियाँड या अधिकृत वेबसाइटवर मोफत मिळतात. २०१४च्या आवृत्तीचा मूळ नियमसंच तर २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. फक्त गटातल्या सगळ्यांनी एकच आवृत्ती धरा, नाहीतर अर्धा खेळ स्लीपवरच्या वादात जातो.

आता त्या वहीचं. दर लेव्हलला तिच्यात दोन नवे मंत्र आपोआप येतात. शिवाय एखाद्या मेलेल्या जादूगाराची वही सापडली, तर त्यातले मंत्र आपल्या वहीत उतरवून घेता येतात, मंत्राच्या प्रत्येक लेव्हलमागे २ तास आणि ५० सुवर्णमुद्रा मोजून. ही सोय बाकी बहुतेकांना नाही, त्यामुळे लुटीत कागद दिसला की सोन्याआधी तो मागा. पण वही जळाली, भिजली किंवा चोरीला गेली, तर डोक्यात असलेले चार मंत्र तेवढे उरतात आणि ते बदलताही येत नाहीत. स्वतःच्याच वहीची दुसरी प्रत काढणं स्वस्त आहे: एका लेव्हलला १ तास आणि १० सुवर्णमुद्रा. सहा मंत्रांचे झाले ६ तास आणि ६० मुद्रा. पहिली मोहीम संपवून गावात परतलात की बाकीचे खानावळीत बसतील, तेव्हा हे काम उरकून घ्या.