कोणी काय शिकावे? : अमेरिकेतील हायस्कुलांच्या विषयांची कथा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा शिक्षणाच्या इतिहासावर काही लिहावे अशी सूचना केली. माझे सारे आयुष्य शाळेच्या वेळापत्रकात गेले, म्हणून वेळापत्रकाविषयीच लिहितो. भिंतीवर चिकटविलेला तो कागद वरवर पाहता फार नीरस. परंतु त्यावर कोणते विषय आहेत, आणि त्यांतील कोणता कोणाच्या मुलांच्या वाट्यास येतो, एवढे नीट पाहिले म्हणजे त्या समाजाच्या मनात काय आहे ते कळते. विसाव्या शतकाच्या आरंभीची अमेरिका हे याचे फार चांगले उदाहरण आहे.

त्या देशाचे नाव आपल्या लोकांस अपरिचित नाही. तेथील सज्जनांनी गुलामांस दास्यमुक्त केले म्हणून महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांस अर्पण केला होता. परंतु मुक्त झालेल्या त्या लोकांच्या मुलांनी शाळेत काय शिकावे, हा प्रश्न पुढे उभा राहिलाच. त्याची हकीकत पुढे येईल.

अमेरिकेतील पहिले सरकारी हायस्कूल बोस्टन येथे १८२१ साली निघाले. पुढे लोकांच्या करातून हायस्कूल चालवावे की नाही, याविषयी कोर्टकचेऱ्या झाल्या. मिशिगन राज्यात कॅलामझू गावचा दावा गाजला आणि १८७४ साली त्याचा निकाल हायस्कुलाच्या बाजूने लागला. तरीही हायस्कुलात जाणे ही फार थोड्यांची गोष्ट होती. १८९० च्या सुमारास साऱ्या देशातील सरकारी हायस्कुलांत मिळून दोन लाखांच्या आसपासच विद्यार्थी होते. चौदा ते सतरा वर्षे वयाच्या शंभर मुलांतील साधारण सात. गंमत अशी की त्यांत मुलांपेक्षा मुली अधिक होत्या, कारण मुलगे लवकर कामधंद्याला लागत.

या थोड्या मुलांनी काय शिकावे याविषयी गावोगावी निराळा कारभार होता. तेव्हा तेथील शिक्षकांच्या राष्ट्रीय संस्थेने १८९२ साली दहा जणांची एक समिती नेमली. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स इलियट हे तिचे प्रमुख. समितीने लॅटिन, ग्रीक, इंग्रजी, अर्वाचीन भाषा, गणित, पदार्थविज्ञान व रसायन, जीवशास्त्र, इतिहास आणि भूगोल अशा नऊ शाखांच्या नऊ परिषदा भरविल्या व १८९३ साली आपला अहवाल तयार केला. त्यात चार वर्षांचे चार अभ्यासक्रम आखून दिले होते. एकात लॅटिन व ग्रीक, दुसऱ्यात लॅटिन व शास्त्रे, तिसऱ्यात फ्रेंच-जर्मनसारख्या भाषा, आणि चौथ्यात मुख्यतः इंग्रजी. शेवटचे दोन अभ्यासक्रम व्यवहारात कमी दर्जाचे ठरतील असे समितीने मोकळेपणी म्हटले आहे. जुन्या विद्येचा अभिमान सहजासहजी सुटत नाही.

या अहवालातील एक मत मात्र मला फार मोलाचे वाटते. कॉलेजात जाणारा विद्यार्थी असो, की शाळा सोडून दुकानात वा शेतावर जाणारा असो, जो विषय त्याने घेतला तो दोघांनाही सारख्याच रीतीने व सारख्याच खोलीपर्यंत शिकविला पाहिजे, असे ते मत होते. सुताराच्या मुलासाठी वेगळे, हलके बीजगणित असू शकत नाही. माझ्या शिक्षकी काळात पुष्कळ पालक विचारीत, “गुरुजी, आमच्या मुलाला हे सारे कशाला? त्याला काय मामलेदार व्हायचे आहे?” अशा वेळी उत्तर देताना माझी नेहमी अडचण होई. इलियटसाहेबांच्या समितीने ते उत्तर एका वाक्यात देऊन ठेविले होते.

१९०० च्या सुमाराचा एखादा विद्यार्थी घेतला तर त्याचा दिवस साधारण असा जाई. पहिल्या वर्षी लॅटिनचे व्याकरण, बीजगणित, इंग्रजी आणि प्राकृतिक भूगोल. दुसऱ्या वर्षी सीझरच्या युद्धकथा लॅटिनमधून व त्यांच्या जोडीला भूमिती. मग सिसेरोची भाषणे, पदार्थविज्ञान आणि युरोपचा इतिहास. शेवटी व्हर्जिलचे काव्य, रसायन, स्वदेशाचा इतिहास व राज्यव्यवस्था. इंग्रजीत शेक्सपिअरची नाटके, बर्कचे भाषण, मेकॉलेचे निबंध. त्या साली हायस्कुलातील निम्मी मुले लॅटिन शिकत होती आणि निम्म्याहून अधिक बीजगणित. लॅटिन पाठ करणाऱ्या त्या मुलांतील फार थोडी पुढे कॉलेजात गेली, हे ध्यानी घेतले म्हणजे आश्चर्य वाटते. १९०६ नंतर कार्नेगी संस्थेने विषयांस मोजमाप लावले. वर्षभरात सुमारे १२० तासांचा अभ्यास म्हणजे एक ‘युनिट’, आणि कॉलेजप्रवेशास अशी चौदा युनिटे. विद्या मापाने मोजण्याची ही रीत तेव्हापासून पडली.

इकडे विद्यार्थ्यांची संख्या मात्र झपाट्याने वाढत गेली. १९१० साली ती नऊ लाखांवर गेली आणि १९२० साली बावीस लाखांच्या घरात. कारखान्यांतील मजुरांची, परदेशांहून आलेल्या कुटुंबांची मुले वर्गात येऊन बसली, आणि मग त्यांना लॅटिन कशाला, असे विद्वानच विचारू लागले. जमाखर्च, टंकलेखन, लघुलेखन, सुतारकाम, लोहारकाम, मुलींसाठी स्वयंपाक व शिवण हे विषय आले. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती, कारागिरी व गृहशास्त्र यांच्या शिक्षणास मध्यवर्ती सरकारचा पैसा मिळाला. १९१८ साली दुसऱ्या एका मंडळाने हायस्कुलाची सात उद्दिष्टे सांगितली. त्यांत आरोग्य, गृहजीवन, धंदा, नागरिकत्व, फुरसतीचा सदुपयोग हे सारे होते. विद्वत्तेचा असा स्वतंत्र उल्लेख नव्हता. त्याच सुमारास महायुद्धाच्या रागापोटी जर्मन भाषेची हकालपट्टी झाली. १९१५ साली शंभरांतील चोवीस विद्यार्थी ती शिकत होते. १९२२ साली शंभरांत एकही उरला नाही.

लॅटिन गेले याचे मला फारसे दुःख नाही, आणि हातकामाला मी कमी लेखीत नाही; ज्याच्या हातात कसब आहे तो उपाशी मरत नाही. प्रश्न एवढाच की सुतारकामाचा वर्ग कोणासाठी, हे मुलाची आवड पाहून ठरविले जात होते की बापाचा धंदा पाहून? ज्या इलियटसाहेबांनी सर्वांस एकच शिक्षण सांगितले, तेच १९०८ साली मुलांच्या संभाव्य भवितव्याप्रमाणे त्यांची निवड शिक्षकांनी करावी, अशा मताकडे झुकले होते. पंधरा वर्षांत एवढे अंतर पडले.

हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो कृष्णवर्णीयांच्या शाळांत. टस्कीगी येथे १८८१ पासून संस्था चालविणाऱ्या बुकर वॉशिंग्टन यांनी आपल्या लोकांस प्रथम हस्तव्यवसाय शिकण्याचा उपदेश केला. ड्यू बॉइस यांनी १९०३ साली आपल्या ग्रंथातून त्यास विरोध केला. उच्च विद्येवाचून समाजास नेते कोठून मिळणार, असे त्यांचे म्हणणे होते.

राजधानी वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी एम स्ट्रीट हायस्कूल नावाची शाळा होती. १९०२ साली ॲना ज्युलिया कूपर या बाई तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्यांचा जन्म गुलामगिरीतला. लहानपणी त्यांच्या शाळेत ग्रीकचा वर्ग धर्मोपदेशक होणाऱ्या मुलग्यांसाठीच होता. बाईंनी हट्ट धरून त्यात जागा मिळविली. (संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत फारसी घ्यावी लागली, याची येथे आठवण होते.) पुढे ओबर्लिन कॉलेजात त्यांनी पुरुषांसाठी ठेविलेला कठीण अभ्यासक्रम पुरा केला. एम स्ट्रीटमध्ये त्यांनी लॅटिन व गणित यांचा दर्जा ढळू दिला नाही, आणि त्यांचे विद्यार्थी हार्वर्ड, ब्राउन, ओबर्लिन अशा ठिकाणी प्रवेश मिळवू लागले. वरिष्ठांचा कल अभ्यासक्रम हलका करून हस्तव्यवसायावर भर देण्याकडे होता. बाईंनी मान तुकविली नाही. मग शिस्त नाही, कच्च्या मुलांविषयी फाजील सहानुभूती आहे, असे आक्षेप निघाले आणि १९०६ साली त्यांना ते पद गमवावे लागले.

चार वर्षे दूर मिसूरी राज्यात शिकवून १९१० साली त्या पुन्हा त्याच शाळेत परत आल्या. मुख्याध्यापिका म्हणून नव्हे, तर लॅटिनच्या शिक्षिका म्हणून. नोकरी सांभाळून त्यांनी पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाची डॉक्टरेट १९२५ साली, वयाच्या साठीनंतर, मिळविली. १९६४ साली त्या वारल्या तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती.

शाळा १९१६ साली नव्या इमारतीत गेली आणि तिला डनबार हायस्कूल असे नाव मिळाले. एम स्ट्रीट या जुन्या नावाच्या काळातच, १९११ साली, चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन नावाचा एक विद्यार्थी तेथून बाहेर पडला. तो ॲमहर्स्ट व हार्वर्ड येथे शिकून वकील झाला, कायद्याचा अध्यापक झाला, आणि शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यांची आखणी त्याने केली. त्या खटल्यांचा शेवटचा निकाल ऐकण्यास तो हयात नव्हता. १९५० साली त्याचे निधन झाले. १९५४ साली ज्यांचा निकाल लागला त्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कृष्णवर्णीय मुलांची बाजू मांडण्यास जे वकील उभे राहिले, त्यांतील प्रमुख थरगुड मार्शल हे ह्यूस्टन यांचेच विद्यार्थी होते.