पोरांच्या पावलांनी मोजलेले मैदान

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात विल्यम्सपोर्ट हे लाकडाच्या धंद्यावर वाढलेले शहर आहे. १९३८ च्या उन्हाळ्यात तिथे कार्ल स्टॉट्झ आपल्या दोन भाच्यांबरोबर, जिमी आणि मेजरबरोबर, अंगणात चेंडू खेळत होते. चेंडूमागे धावताना लायलॅकच्या छाटलेल्या झुडपाने त्यांचा घोटा खरचटला. पायरीवर बसून घोटा चोळता चोळता त्यांनी पोरांना विचारले, खऱ्याखुऱ्या संघातून, गणवेश घालून खेळायला आवडेल का? पोरे नाही कशाला म्हणतील!

विचारणे सोपे होते, पण बेसबॉल हा मोठ्यांच्या मापाचा खेळ. धावणाऱ्याला गाठायच्या दोन थांब्यांमधले, म्हणजे बेसमधले, अंतर ९० फूट. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा चेंडू थर्ड बेसवरून फर्स्ट बेसपर्यंत पोचेपर्यंत फलंदाज केव्हाच तिथे उभा असायचा. स्टॉट्झ यांनी गल्लीतली मुले गोळा केली आणि बेसच्या जागी घडी घातलेली वर्तमानपत्रे मांडली. एकाने चेंडू टोलवून धावायचे, दुसऱ्याने तो अडवून फेकायचा. निकाल पाहून कागद थोडा मागे-पुढे सरकवायचा. चांगला फेकलेला चेंडू धावणाऱ्याच्या जेमतेम एक पाऊल आधी पोचू लागला, तेव्हा त्यांनी अंतर मोजले. ते भरले सुमारे ६० फूट, म्हणजे क्रिकेटच्या ६६ फुटी खेळपट्टीपेक्षाही थोडे कमी. हे माप आजही चालते. स्टॉट्झ यांचे सगळे मोठेपण त्या वर्तमानपत्राच्या घडीत आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पैसा मात्र सहज मिळाला नाही. महामंदीची झळ अजून ओसरली नव्हती. पन्नासावर ठिकाणी नकार पचवल्यावर लायकमिंग डेअरी पुढे आली, मग लंडी लंबर आणि जंबो प्रेट्झेल. तीन संघ उभे राहिले. जॉर्ज आणि बर्ट बेबल या भावांनी एकेक संघ हाती घेतला, तिसरा स्टॉट्झ यांनी. स्टॉट्झ यांच्या पत्नी ग्रेस आणि दोन्ही बेबल वहिनीही कामाला लागल्या. लिटल लीगची, म्हणजे मुलांच्या बेसबॉलच्या या संघटनेची, सुरुवात अशी तीन संसारांनी मिळून केली. ६ जून १९३९ ला पहिला सामना झाला. लंडी लंबरने लायकमिंग डेअरीचा २३–८ असा धुव्वा उडवला. पण हंगामाचे विजेतेपद शेवटी डेअरीच्याच पोरांनी नेले.

१९४७ साली विल्यम्सपोर्टलाच पहिली मोठी स्पर्धा भरली. मुलांसाठी धातूच्या खिळ्यांऐवजी रबरी तळाचे बूट हवेत, म्हणून स्टॉट्झ युनायटेड स्टेट्स रबर कंपनीकडे गेले होते. त्यातूनच कंपनी लीगची आश्रयदाती झाली. लीग देशभर आणि देशाबाहेरही पसरली, आणि कारभार हळूहळू व्यवस्थापकांच्या हाती गेला. गल्लीतल्या पोरांपेक्षा भव्य स्पर्धेला महत्त्व येते आहे, हे स्टॉट्झ यांना रुचले नाही. १९५५ मध्ये प्रकरण कोर्टात गेले, पुढच्या वर्षी तडजोड झाली, आणि संस्थापकच संस्थेबाहेर पडले. ते गप्प बसले नाहीत. आपल्या जुन्या मैदानावर स्थानिक मुलांची वेगळी लीग त्यांनी चालू ठेवली. आज त्या मैदानाला त्यांचेच नाव आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. मुलींना खेळण्यास मनाई करणारा नियम १९५१ सालचा, म्हणजे स्टॉट्झ संस्थेत असतानाचा. स्वतः दोन मुलींचे बाप असलेल्या या माणसाच्या काळात तो व्हावा, याचे वाईट वाटते. न्यू जर्सीतल्या मरिया पेपे या मुलीच्या प्रकरणातून लढा उभा राहिला, आणि १९७४ साली ते दार उघडले.

४ जून १९९२ रोजी, ८२ व्या वर्षी, स्टॉट्झ गेले. त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नाव ‘अ प्रॉमिस केप्ट’, म्हणजे पाळलेला शब्द. लहानपणी मोठी मुले त्यांना खेळात घेत नसत. आपण मोठे झालो की लहानांसाठी वेगळा खेळ मांडायचा, असा शब्द त्यांनी तेव्हा स्वतःलाच दिला होता.