पोटगी: आईबापांपर्यंत आलेला शब्द

ज्या पोटावरून आपण ‘पोटचं पोर’ म्हणतो, त्याच पोटावरून ‘पोटगी’ झाली. तरी पारशिवनीतल्या एखाद्या म्हाताऱ्या बापाला ‘पोरावर पोटगीचा अर्ज कर’ म्हणून पाहा, तो कानांवर हात ठेवील. पोटगी म्हणजे नवऱ्यानं टाकलेल्या बाईची केस, अशीच समजूत आहे. यात लोकांची चूक नाही. कायदाच कित्येक वर्षं तसं बोलत होता.

इंग्रजांच्या स्वतःच्या देशात १६०१च्या गरीब कायद्यानं म्हाताऱ्या, लाचार आईबापांना पोसण्याचं बंधन ऐपतदार मुलांवर घातलं होतं. आपल्या धर्मशास्त्रातही वडिलांची मालमत्ता हाती येवो न येवो, त्यांना पोसणं मुलाला चुकत नव्हतं. असं असूनही इंग्रजांनी इथे केलेल्या १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८८ बायको आणि मुलं यांच्यापुढे गेलं नाही. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानं मुलगा आणि मुलगी दोघांनाही जबाबदार धरलं, पण वाट दिवाणी दाव्याची. सत्तरीच्या माणसानं ती कशी चालायची?

१ एप्रिल १९७४ला नवी संहिता लागू झाली आणि कलम १२५मध्ये पहिल्यांदा आईबाप आले. मर्यादा महिना ५०० रुपये. ती २००१मध्ये काढली. मधल्या काळात एका बापानं कल्याणला डॉक्टर असलेल्या लग्न झालेल्या मुलीकडे पोटगी मागितली. कलमातल्या सर्वनामाचं रूप पुल्लिंगी, म्हणजे जबाबदारी फक्त मुलाची, असा मुलीचा युक्तिवाद होता. १९८७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. लेक सासरी गेली म्हणून आईबापांची लेक राहत नाही असं नाही, हे फौजदारी कायद्याच्या भाषेत इतक्या उशिरा ठरलं.

शासनाचा पैसा ही वेगळी शाखा. १९८०ची संजय गांधी निराधार योजना, १९९५ची केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन आणि पासष्टीनंतरची श्रावणबाळ योजना. ‘निराधारचे पैसे आले का?’ हा प्रश्न गावात सगळ्यांना कळतो. २०२३पासून महिन्याला १५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला हवा. मुलगा कमावता असला, मग तो भाकरी देत असो वा नसो, की हा दाखला अडतो. तिथे पुन्हा पोटगीकडेच यावं लागतं.

२००७चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा नेमका अशा माणसासाठी आहे. महाराष्ट्रात तो २००९पासून लागू आहे. न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याचं, म्हणजे पारशिवनीकरांसाठी रामटेकला. वकील लागत नाही, कायद्यानंच त्याला बाजूला ठेवलं आहे. हात चालत नसतील तर दुसऱ्या कुणाला किंवा एखाद्या संस्थेला अर्जाचा अधिकार देता येतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो, कारण नमूद करून आणखी ३०. रकमेची कमाल महिना १०,००० रुपये. अपत्य नसलेल्या वृद्धाला, ज्या नातेवाइकाकडे त्याची मालमत्ता आहे किंवा पुढे जाणार आहे, त्याच्याकडून मागता येतं. अर्ज लिहायला अडचण असेल तर तालुका विधी सेवा समिती आहे, आणि १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन फुकट लागतो.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते कलम २३. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती मुलाला बक्षीसपत्रानं द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. त्यामुळे सातबारा सहज फिरतो, आणि मग जेवणाचं ताट फिरायला लागतं, एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. सांभाळण्याच्या अटीवर केलेलं मालमत्तेचं हस्तांतर, सांभाळ झाला नाही तर, न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. पण अट असायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५च्या निकालात त्यानं कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावला आणि ताबाही परत देता येतो, हे मान्य केलं. तरी त्या उदारतेवर विसंबू नये. बक्षीसपत्रावर अंगठा उमटवण्याआधी दस्त मोठ्यानं वाचून घ्यावा, आणि त्यात ‘घेणाऱ्यानं देणाऱ्याचं अन्न, निवारा, औषधपाणी मरेपर्यंत पाहावं, या अटीवर दिलं’ एवढी ओळ नसेल, तर ती आधी लिहवून घ्यावी.